इंग्रजीची गिरगावी वहिवाट

मुंबईचा आणि जपानचा घरोबा कापसाच्या गाठींनी जुळविला. 1893 साली जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कैशाच्या आगबोटी मुंबई-कोबे मार्गावर धावू लागल्या, तेव्हापासून व्यापारउदिमाच्या निमित्ताने जपानी सद्गृहस्थ या शहरी येतजात आले आहेत. त्यांपैकीच एक तरुण, आमच्या शेजाऱ्यांच्या कचेरीत नव्याने रुजू झालेला, दर रविवारी आमच्या गिरगावातल्या चाळीत चहाला येऊ लागला. आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर माझा पिंड पोसला आहे एवढ्याच भांडवलावर त्याच्या इंग्रजीच्या अध्यापनाचा मामला बिनतक्रार माझ्या गळ्यात पडला.

त्याच्या वहीतले वाक्प्रचार लंडनचे होते आणि कानांवर पडणारे ठाकुरद्वारचे. पहिल्याच दिवशी शेजारच्या काकूंनी पोह्यांची बशी पुढे करीत विचारले, ‘‘घरात मेंबर किती?’’ वडील टोकियोतल्या एका मंडळाचे सभासद असल्याने त्याने अदबीने मान लववून सांगितले, ‘‘फादर मेंबर. मदर नो मेंबर.’’ ‘‘अगं बाई, आई नाही का रे तुला!’’ असे म्हणून डोळ्यांना पदर लावीत काकूंनी त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले. त्याने तेही अदबीने संपविले.

लोकलमध्ये शेंगदाणेवाला ‘टाइमपास, टाइमपास’ असे ओरडत डब्यात शिरला की हा वक्तशीर देशाचा नागरिक दचकून मनगटावरील घड्याळ पाही. ‘जॉबर’ या शब्दाचा खुलासा करताना तर माझीच त्रेधा उडाली. कारण परळ-लालबागच्या गिरण्यांत जॉबर म्हणजे कामगारांची भरती करून त्यांच्यावर हुकमत गाजविणारा, आणि कोटातल्या दलाल स्ट्रीटवर जॉबर म्हणजे शेअरांची उलाढाल करणारा. दोघांचीही खप्पामर्जी परवडण्यासारखी नव्हे, एवढेच साम्य मला सांगता आले.

परंतु ‘अमक्यांनी दादरला ब्लॉक घेतला’ या वाक्याचा अर्थ, म्हणजे ज्यांच्या घरात स्वतंत्र नळ आणि स्वतंत्र संडास असतो अशा भाग्यवंतांची ती वार्ता आहे हे, मी सविस्तर निवेदन केले, तेव्हा तो प्रथमच खळखळून हसला. त्यांच्याकडे म्हणे इमारतीतल्या अशाच बिऱ्हाडाला ‘मान्शोन’ म्हणतात, मग खोल्या दोनच का असेनात! पांढऱ्या शर्टावरून आलेला ‘वाइशात्सु’ निळाही असू शकतो, आणि मेइजी काळातल्या उंच कॉलरींवरून नटव्या, आधुनिक माणसाला ‘हाइकारा’ हे बिरूद चिकटले आहे. इंग्रजांचा मुलाहिजा न ठेवता त्यांचे शब्द आपल्या चाकरीस ठेवण्याचा शिरस्ता तिकडेही आहे, हे ऐकून मला परमसंतोष झाला.

तेव्हा वाचकांस विनंती अशी की, आपल्या बिऱ्हाडी जपानी पाहुणा आलाच तर त्याला ‘मेंबर’, ‘ब्लॉक’ आणि ‘टाइमपास’ यांपासून रीतसर शिकवावे. ऑक्सफर्डचे इंग्रजी त्याला टोकियोतही मिळते.