रसिकांचं गोत्र

मुळशीतल्या नांदे गावी पुणेकर एरवी जातो तो गुंठ्याचा भाव विचारायला. पण २०१० साली कोरेगाव पार्कात सुरू झालेला ‘एनएच७ वीकेंडर’ हा संगीत महोत्सव २०२३च्या डिसेंबरात नांद्याच्या तीर्थ फील्ड्सवर भरला आणि रसिकांचीही पावलं तिकडे वळली. घरी मिक्सर लागला तरी कपाळाला आठ्या घालणारा हा जीव इथे स्पीकरच्या भिंतीपुढे तासन् तास हसतमुख उभा असतो. एका मंचावरून दुसऱ्याकडे पळत तो दोन्हीकडचं निम्मं गाणं गाठतो. उरलेलं मोबाइलमध्ये भरून घेतो, पुन्हा कधीही न बघण्यासाठी.

सवाई गंधर्व महोत्सवाचे मुरलेले श्रोते यावर नाक मुरडतात. १९५३पासून चालत आलेल्या उत्सवाचे ते वारसदार; त्यांच्यात समेवर मान डोलावण्याआधी शेजारच्या जाणकाराची डोलली का, ते बघायची शिस्त आहे.

गोत्र मात्र दोघांचं एकच. ‘गाणं कसं झालं?’ विचारा. दोघेही आधी पार्किंगचे हाल सांगतील, मग कोणकोण भेटलं ते, आणि शेवटी ठणकावतील, ‘पूर्वीची मजा राहिली नाही.’ पुढच्या वर्षीची तिकीटविक्री सुरू झाली, की रांगेत पहिले हेच.