सिडकोतील होतकरू संगीत निर्मात्यांसाठी सूचना

प्रथम खोली निवडावी. नाशिकच्या सिडकोत खोल्या बहुधा दोनच, आणि त्यांतल्या एकीत टीव्ही असतो. उरलेल्या खोलीत कपाट, शिलाई मशीन आणि पाहुण्यांच्या गाद्या असतील. गाद्या हलवू नयेत, आवाज शोषायला त्यांच्याइतके स्वस्त काही मिळत नाही. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवा, असे सांगणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. ट्रेने ना बाहेरचा आवाज अडतो, ना खोलीत घुमणारा खर्ज कमी होतो. झुरळांची मात्र सोय होते. त्यापेक्षा दोन खुर्च्यांवर आजीची गोधडी टाकून आत शिरून गावे. मे महिन्यात तीन मिनिटांपलीकडे टिकाव लागत नाही, पण हल्ली गाणीही तेवढीच असतात.

खर्चाचा विषय निघाल्यावर दादासाहेब फाळक्यांचा दाखला द्यावा. जन्म त्र्यंबकेश्वरचा, 1870. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली आला, पण त्याआधी त्यांनी घरी वाटाण्याचे रोप लावून त्याची वाढ कॅमेऱ्यात टिपली, विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या आणि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही. आईसमोर सांगताना दागिन्यांच्या अलीकडे थांबावे.

माइक आला की हेडफोनमध्ये एक ‘हं’ ऐकू येईल. घाबरू नये. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि पियानोवर अगदी खालच्या पांढरी पाचची कंपने सेकंदाला 49. म्हणजे वायरिंग बिघडलेल्या घरात पांढरी पाचचा तानपुरा चोवीस तास फुकट. मी सहा महिने चांगला इलेक्ट्रिशियन शोधला, शेवटी गाणेच पांढरी पाचमध्ये बसवले. तरी बेसूर. वीज जरा चढी लागते.

शिक्षण रात्री अकरानंतर घ्यावे. कॉम्प्रेसरवरचे चाळीस व्हिडिओ पाहावेत. आधीचे सगळे चूक होते, हे एक्केचाळिसावा सांगतो. या काळात गाणे करायला बसू नये, अभ्यासात खंड पडतो.

आता ढोल. गणपतीच्या दीड-दोन महिने आधी मागच्या मैदानावर पथकाचा सराव सुरू होतो. लगेच खिडकी बंद करावी, फटीत टॉवेल कोंबावा, आणि शांतता झाली की इंटरनेटवर ‘नाशिक ढोल’ शोधावा. लूप भरपूर मिळतात. नाव दूरवर गेले आहे. केरळातल्या मिरवणुकांतही याच नावाने ढोल वाजतात. मी उतरवून घेतलेला लूप मिनिटाला बरोबर 100 ठोक्यांचा होता, एकही ठोका इकडचा तिकडे नाही. गाण्यात टाकला तर कोणी दार वाजवतेय असे वाटले.

म्हणून एकदा टॉवेल काढून माइक खिडकीत धरला. ताशा कडाडला तसा लाल दिवा लागला आणि आवाज फाटला. गेन कमी करून पुन्हा धरला. या वेळी सगळे आले: टिपरूचा धुम, हाताची थाप, मधेच कोणाची तरी शिट्टी, खालून भंगारवाला. अडचण एवढीच, की पथक 92 ला निघाले आणि 110 ला पोचले. संगणकाला असला उत्साह मोजता येत नाही. तेव्हा साधकाने तीन रात्री जागून एकेक ठोका कापावा, ओढावा, रेघेवर आणून ठेवावा. शिट्टी आणि भंगारवाला पुसावा. चौथ्या दिवशी पहाटे काम पुरे होते. ऐकल्यावर कळते, की उतरवलेला लूप आणि आपण घडवलेला ढोल यांत आता काहीच फरक राहिलेला नाही.

मला हे कळले जिन्यात. पथकातला शेजारचा मुलगा सरावाला निघाला होता, त्याला मोबाइलवर ऐकवले.

‘‘दादा, भारी आहे. कुठला ढोल?’’

‘‘तुमचाच. मागच्या मैदानावरचा.’’

त्याने पुन्हा ऐकले. ‘‘छे! आमच्यात कोण वाजवतं असं?’’

साधकाने येथे हेडफोन लावावेत.