क्लॉडियसांच्या घरचं

अहो, ऐकलंत का? त्या क्लॉडियसांच्या पब्लियसनं दिवे लावले! तेही कुठे, तर खुद्द सीझरच्या घरी, बायकांच्या पूजेत. इ.स.पू. ६२ मधली डिसेंबरातली रात्र. बोना देआची पूजा म्हणजे पुरुषांनी त्या रात्री घराबाहेर राहायचं. आणि हा तिशीचा बाप्या हार्प वाजवणाऱ्या पोरीचा वेश करून आत! सीझरच्या बायकोसाठी, पाँपेयासाठी आला, असं सगळे म्हणतात. मी नाही हो म्हणत.

सीझरच्या आईची, ऑरेलियाबाईंची मोलकरीण अंधारात भेटली त्याला. चल गं खेळायला, म्हणाली. हा नाही म्हणतोय. तिनं ओढत उजेडात आणलं, कोण तू, कुठली, म्हणून विचारलं. यानं तोंड उघडलं मात्र, आणि आवाज पुरुषाचा! ती किंचाळत सुटली. ऑरेलियाबाई का कच्च्या आहेत? पूजा थांबवली, देवीचं सगळं झाकून टाकलं, दारं लावून घेतली आणि मशाली घेऊन घर धुंडाळलं. सापडला, तो त्याला आत घेणाऱ्या दासीच्या खोलीत. बायकांनी त्याच रात्री घरी जाऊन नवऱ्यांच्या कानावर घातलं. सीझरनं पाँपेयाला सोडचिठ्ठी दिली. पाप केलं म्हणून नाही हं, संशय आला म्हणून!

पुढच्या वर्षी खटला. पब्लियस म्हणतो, मी त्या दिवशी इंटेराम्नाला होतो. वकील सिसेरो उठला आणि म्हणाला, अरे, त्या दिवशी तर तू माझ्याच घरी आला होतास! आता सिसेरोला एवढं सत्य का सुचलं? त्याच्या बायकोनं, तेरेंशियावहिनींनी टोचलं म्हणे. पब्लियसची बहीण क्लोडिया आपल्या नवऱ्यावर डोळा ठेवून आहे, असं बसलं होतं त्यांच्या डोक्यात. पण उपयोग काय? ३१ विरुद्ध २५ मतांनी सुटला. मतं कशी फिरली, ते सगळ्या रोमला माहीत आहे…

तर काय सांगत होते? हां, त्या घरचा ताठा. पिढीजात आहे तो. अहो, तो आंधळा आप्पियस क्लॉडियस. इ.स.पू. ३१२ ला सेन्सॉर झाला. रोमला पहिला पाण्याचा कालवा त्यानं आणला, कापुआपर्यंत रस्ता त्यानं काढला, आणि दोन्हींना नाव स्वतःचं! दीड वर्षाची मुदत संपली तरी खुर्ची सोडेना. पण खरं ते बोलावं. म्हातारपणी डोळे गेलेले असताना पालखीतून सिनेटात आला आणि शत्रू पिऱ्हस राजाशी तह करायला निघालेल्यांना असा फैलावर घेतला, की माना खाली गेल्या सगळ्यांच्या.

आणि त्याचा मुलगा? तोही पब्लियसच. इ.स.पू. २४९, कार्थेजशी ड्रेपानाची लढाई. जहाजावरच्या पवित्र कोंबड्या दाणे टिपेनात, म्हणजे देवांचा कौल नाही. हा म्हणाला, खात नाहीत तर पाणी पिऊ देत, आणि दिल्या समुद्रात फेकून! नव्वदाच्या वर जहाजं गेली शत्रूच्या हाती. बरं, परत बोलावून डिक्टेटर नेम म्हटलं, तर यानं आपल्या पदरच्या ग्लिसियाला नेमलं. सिनेटवाल्यांची तोंडं बघायला हवी होती! त्या बिचाऱ्याला लगेच उतरवलं म्हणा.

बहीण त्याच्यावर वरताण. खेळ बघून परतताना गर्दीत धक्के बसले, तर भर रस्त्यात म्हणते कशी, माझा भाऊ जिवंत असता तर बरं झालं असतं, आणखी एक आरमार बुडवून ही गर्दी तरी कमी केली असती! २५,००० आसचा दंड झाला बाईंना. शब्द मागे घेतला का? नाव नको.

एवढा ताठा, पण लाजही तितकीच हं. घरातले दोन लुसियस निघाले, एक दरोडेखोर, एक खुनी. तर घराण्यानं पोरांना लुसियस नाव ठेवणंच बंद केलं. पब्लियस नावावर बंदी घातली असती तर पुढचं टळलं असतं!

कारण आपला हा पब्लियस. ट्रिब्यून व्हायचं तर सामान्यांच्या घरचा हवा, म्हणून इ.स.पू. ५९ ला चक्क आपल्याहून धाकट्या माणसाला दत्तक गेला! पोराहून बाप लहान, कळलं ना? मग ट्रिब्यून झाला, सिसेरोला देशोधडीला लावलं, त्याचं पॅलेटाइनवरचं घर पाडलं.

सिसेरो विसरतोय होय? परत आल्यावर इ.स.पू. ५६ ला क्लोडियाच्या जुन्या प्रियकराच्या, केलियसच्या खटल्यात त्याचा वकील म्हणून त्यानं क्लोडियाला धरलं. त्या आंधळ्या आजोबाचं सोंग घेऊन भर कोर्टात तिलाच झापलं. मी पाणी आणलं ते तुझ्या असल्या उद्योगांसाठी का, मी रस्ता बांधला तो तू परपुरुषांबरोबर मिरवावंस म्हणून का… वर तिच्या भावाला चुकून तिचा नवरा म्हटलं. चुकून बरं का! केलियस सुटला.

आणि योगायोग बघा. इ.स.पू. ५२ च्या जानेवारीत त्याच्या वैऱ्याच्या, मिलोच्या माणसांनी पब्लियसला मारलं, ते बोव्हिलीजवळ, त्याच आप्पियसच्या रस्त्यावर. त्याच्या बायकोनं, फुल्व्हियानं जखमा दाखवत असा आकांत केला, की लोकांनी प्रेत सिनेटगृहात नेऊन तिथंच जाळलं. सिनेटगृहही गेलं.

संपलं वाटलं ना? छे! दुसऱ्या पातीतला टायबेरियस क्लॉडियस निरो आहे ना, त्याची बायको लिव्हिया सीझरच्या वारसाला, ऑक्टेव्हियनला आवडली. सहा महिन्यांची पोटुशी! यानं मुकाट सोडलं, वर बाप द्यावा तसं तिला लग्नात स्वतः दिलं, इ.स.पू. ३८ ला. जेवणाच्या पंगतीत निरो एकीकडे, लिव्हिया ऑक्टेव्हियनजवळ. एक चुरचुरीत दासपोरगा तिच्यापाशी गेला आणि सगळ्यांदेखत निरोकडे बोट दाखवून म्हणाला, बाईसाहेब, इथं काय करताय, तुमचे यजमान तर तिकडे बसलेत!