टेकाड ओळखण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

गायरानात किंवा नदीच्या थडीला एखादा मातीचा उंचवटा दिसला आणि तो कशाचा ते कळलं नाही, की तो प्राचीन समजावा. हा या शास्त्राचा पहिला नियम. दुसरा नियम असा, की गावात कुणाला विचारायला जाऊ नये. विचारलं की कळतं, आणि कळलं की संपलं.

सोबत टोपी, वही, मोबाइल आणि प्रत्येक विधानाला ‘अगदी बरोबर’ म्हणणारा एक मित्र न्यावा. कुदळ नेऊ नये. परवान्याशिवाय खणणं बेकायदा आहेच. शिवाय खणल्यावर मत बदलावं लागतं.

सुरुवात मातीच्या रंगापासून करावी. शेती ती काळी आणि वस्ती ती पांढर, हे आपल्या आजोबांनाही ठाऊक होतं. राख, शेण, पडक्या भिंतींची माती शेकडो वर्षं साचत गेली की पांढरीचं टेकाड होतं. नेवाशाचं लाडमोड टेकाड असंच. पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण युगापासून मराठेशाहीपर्यंतचे थर हाती लागले. आता पांढरीची माती माळवदावर टाकायला उत्तम आणि शेताला खत म्हणूनही चांगली. त्यामुळे एखाद्या टेकाडाची एक बाजू गायब दिसली, तर ‘परचक्रात ध्वस्त झालेली तटबंदी’ असं लिहावं. बैलगाडीचा उल्लेख टाळावा.

मग खापर बघावं. ताम्रपाषाण युगातल्या जोर्वे संस्कृतीचं खापर लाल, त्यावर काळ्या रंगाची नक्षी, आणि भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर धातूसारखं वाजतं. टिचकी मारताना चेहरा गंभीर ठेवावा, डोळे किंचित मिटावेत. आवाज बद्द आला तर ते बहुधा गेल्या उन्हाळ्यात फुटलेल्या माठाचं असतं. खापर वाजो न वाजो, फोटो काढून जिथल्या तिथं ठेवावं. या मजकुरात हा एवढाच सल्ला गंभीरपणे घ्यायचा आहे.

गोल दिसला की घाई नको. नागपूरजवळ जुनापाणीला दगडांची शेकडो वर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ साली त्यांच्यावर लेख प्रसिद्ध केला. ती लोहयुगातली दफनं. महुरझरीच्या वर्तुळांत तर घोड्याच्या हाडांबरोबर त्याच्या डोक्यावरचा तांब्याचा साजही निघाला. पण खळंही गोलच असतं. मधोमध खळगा असेल तर तो दफनाची माती खचल्याचा, खळ्यातल्या तिवड्याचा किंवा अमावास्येला येऊन गेलेल्या गुप्तधनवाल्यांचा असू शकतो. तिन्ही शक्यता खोडून ‘विधीसाठीचा खळगा’ असं नोंदवावं. विधी म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही.

लांबलचक बांध ही सर्वांत अवघड परीक्षा. इनामगावच्या ताम्रपाषाणकालीन लोकांनी खरोखरच पाण्यासाठी चर खणला होता आणि दगडमातीचा बांध घातला होता, म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीही आपल्याकडे पाण्याचीच चिंता होती. अडचण अशी, की १९७२च्या दुष्काळात रोजगारासाठी सुरू झालेलं आणि अर्धवट राहिलेलं पाझर तलावाचं काम, आज त्यावर बाभळी माजल्यावर, हुबेहूब तसंच दिसतं. अशा वेळी मुकादमाचं वय झालेलं असतं, हे आपल्या पथ्यावर पडतं.

राखेचे ढिगारे मात्र या शास्त्राचा कळस आहेत. बळ्ळारीकडच्या कुडतिनी, कुपगल इथल्या ढिगाऱ्यांना कुणी राक्षसाची राख म्हटलं, कुणी सतींची चिता म्हटलं. पुढे पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांनी १९५७ साली तेलंगणातल्या उटनूरला असाच ढिगारा खणला. निघालं काय, तर नवाश्मयुगातला गोठा, जळलेल्या शेणाचे थर आणि त्यांत उमटलेले गुरांचे खूर! माझ्या मते टेकाडांच्या इतिहासात याच्याइतका प्रामाणिक निष्कर्ष दुसरा नाही. पण तो गावच्या यात्रेच्या फलकावर लिहिता येत नाही.

एवढं सगळं होईतो शेताचा मालक येतोच. “ते होय? पोराच्या विहिरीचा गाळ हाय. जेसीबीवाल्यानं आणून टाकला,” असं तो सांगेल. त्याला चहाबद्दल आधीच धन्यवाद द्यावेत, त्याचं म्हणणं ‘स्थानिक दंतकथा’ या सदराखाली नीट उतरवून घ्यावं आणि पुढच्या टेकाडाकडे निघावं.