काही नाही, सेन्सर!

एका माणसामुळे मला ‘सेन्सर’ या शब्दाची ॲलर्जी झाली आहे.

परवा मुलीला ताप आला. थर्मामीटर एकशे दोन दाखवत होता. दारातून नाना डोकावले, आकडा पाहिला, “डिजिटल ना? सेन्सर असेल,” म्हणाले आणि पेपर घेऊन गेले. पेपर माझाच.

हे नाना तुमच्याकडेही असतील. आमचे गिरगावात, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत राहतात. बँकेतून निवृत्त. धोक्याची घंटा वाजली की घंटेतच दोष काढणारी जी जमात आहे, तिचे ते सन्माननीय सभासद. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर एकशे सत्तर सांगितलं, तर नाना मशीन उलटं करून सेल बघतात. आमटी खारट झाली हे काकूंना मान्य नसतं, तेव्हा नाना स्वतःच्या जिभेला सेन्सर म्हणतात आणि वाद मिटवतात. संसार टिकवण्यापुरता या शब्दाचा उपयोग आहे, हे मी नाकारत नाही.

पण खरी गंमत त्यांच्या गाडीत. 2019 च्या दसऱ्याला घेतलेली छोटी, चंदेरी गाडी. तिच्या डॅशबोर्डावर एक लाल दिवा कायम पेटलेला असे. बसलेला माणूस, त्याच्यापुढे गोल फुगा, असं त्यावर चित्र. म्हणजे एअरबॅग. किल्ली फिरवली की हा दिवा काही सेकंद लागतो. यंत्रणा स्वतःला तपासून घेते आणि सगळं ठीक असेल तर विझतो. विझला नाही, तर कुठेतरी बिघाड आहे आणि अपघाताच्या वेळी फुगा उघडेलच याची खात्री नाही. एवढं मी नानांना समजावून सांगितलं.

“अरे, दिवा लागतोय म्हणजे करंट आहे. करंट आहे म्हणजे चालू आहे. बंद असती तर दिवा लागला असता का?”

या तर्काला काय उत्तर देणार? पुढच्या वेळी बसलो तर दिवा गायब. जवळून पाहिलं, त्यावर काकूंच्या पाकिटातली मोठी मरून टिकली चिकटवलेली. रात्री मरीन ड्राइव्हवरून येताना ती आतून मंद लाल उजळायची आणि गाडीला सौभाग्यवती असल्यासारखं तेज यायचं.

सीटबेल्टची तीच कथा. बेल्ट लावला नाही की गाडी टुणटुण करते, म्हणून नानांनी बक्कलच्या खाचेत एक नुसतीच क्लिप खोचून ठेवली होती. 2022 च्या सप्टेंबरात चारोटीजवळ मागच्या सीटवर पट्टा न लावता बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, 1 नोव्हेंबरपासून मुंबईत मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा झाला, तेव्हा नानांनी मागच्यांसाठीही क्लिपा घेतल्या. पुढे मे 2023 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना या क्लिपा काढायला लावल्या आणि 13,118 जाहिराती उतरल्या. ही बातमी नानांनीच मला वाचून दाखवली. अभिमानाने. त्यांच्या कपाटात दोन शिल्लक होत्या.

‘सेन्सर’ हा शब्द त्यांना मिळाला कुठे, हे मला ठाऊक आहे. मेट्रो 3 चा बोगदा गिरगावाखालून जात होता तेव्हा जुन्या इमारतींच्या भिंतींवर कल आणि भेगा मोजणारी यंत्रं बसवली होती. आमच्या भिंतीवरही एक डबी लागली. रीडिंग घ्यायला एक तरुण इंजिनियर यायचा आणि नानांकडे चहा घ्यायचा. एकदा आकडा भलताच आला. दोन दिवस चाळीत कुणाचं जेवणात लक्ष नव्हतं. मग तो आला, डबीला हात लावून म्हणाला, “काही नाही काका, सेन्सरच हलला होता.”

दोनशे माणसांचा जीव एका वाक्याने भांड्यात पडलेला नानांनी पाहिला. असं वाक्य हाती लागल्यावर कोण सोडेल?

शिवाय नानांची उभी हयात कुर्ल्यात बनलेल्या फियाटमध्ये गेली. तिच्या डॅशबोर्डावर दिवे असून नसून सारखे. गाडीचं दुखणं कानाने ओळखायचं, नाकाने ओळखायचं, फार तर बॉनेट उघडून तिला दोन शब्द ऐकवायचे. या फियाटचीच पुढे पद्मिनी झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर 2023 च्या त्याच महिन्याअखेर रस्त्यावरून उतरली. त्या संध्याकाळी नाना गॅलरीत बराच वेळ उभे होते. “तिला सेन्सर नव्हता,” एवढंच म्हणाले.

शेवटी मीच ऑपेरा हाऊसच्या गल्लीतून एका मेकॅनिकला पकडून आणलं. पोराने आधी बॅटरीची वायर काढली आणि स्वस्थ उभा राहिला. नाना चुळबुळले. “काका, एअरबॅगच्या सर्किटमध्ये चार्ज राहतो. पाच मिनिटं थांबायचं.” मग त्याने पुढच्या डाव्या सीटखाली हात घातला आणि एक पिवळा प्लग ओढला. एअरबॅगच्या वायरी पिवळ्या, म्हणजे भलत्याने हात लावू नये. प्लग सैल झाला होता. त्याने तो उजेडात धरला. आतल्या बारीक पिनांवर गुलाबी भुकटी बसली होती.

गुलाल.

आणि मग मला गप्प बसावं लागलं. कारण चाळीचा गणपती दरवर्षी लालबागच्या कारखान्यातून याच सीटवर बसून येतो. मूर्तीसाठी सीट पार मागे सरकवायची, गाडी टुणटुणू नये म्हणून बाप्पाला पट्टा लावायचा (बाप्पापुढे क्लिप काढावी लागते, तेवढी शिस्त नाना पाळतात) आणि लालबागच्या पुलाखालून गुलालात न्हाऊन यायचं. त्या सीटचं मागेपुढे सरकणं तेवढ्यावर थांबत नाही. रात्री दोनला कुणाच्या छातीत दुखलं, कुणाच्या कळा सुरू झाल्या, की चाळीत कुणीही ॲम्ब्युलन्सचा नंबर शोधत नाही. नानांची कडी वाजवतात. सीट मागे, पेशंट आत, केईएम नाहीतर नायर. माझ्या मुलीची आई त्याच सीटवर बसून गेली होती. पेट्रोलचे पैसे विचारले तर नाना म्हणतात, काटा खालीच दाखवतो, सेन्सर आहे. तीन वर्षं पेटलेल्या त्या दिव्यात बिघाड होता, आणि त्या बिघाडाला आम्ही सगळे थोडेथोडे जबाबदार होतो.

मेकॅनिकने पिना साफ केल्या, प्लग बसवला, स्कॅनर लावून जुना दोष पुसला. किल्ली फिरवली. टिकली उजळली आणि विझली. नानांनी तीनदा किल्ली फिरवून पाहिली. टिकली मात्र काढू दिली नाही. “असू दे. परत लागला तर?”

हे इथेच संपलं असतं तर बरं होतं.

1969 मध्ये या शहरात 19,642 उपकरप्राप्त इमारती मोजल्या होत्या, त्यांतली एक आमची. दरवर्षी पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी काढते आणि चाळ ती यादी दहावीच्या निकालासारखी वाचते. जिन्याखाली लाकडी टेकू इतकी वर्षं आहेत की पोरं लपंडावात त्यांनाच टेकून आकडे मोजतात. मेट्रोवाले काम संपल्यावर आपली डबी घेऊन गेले. गेल्या हिवाळ्यात एक इंजिनियर आला आणि जिन्यालगतच्या भेगेवर प्लास्टरचे दोन ठिपके ठेवून त्यांत काचेची एक अरुंद पट्टी चिकटवून गेला. खाली पेन्सिलीने तारीख. भेग वाढली तर काच तडकते. इंग्रजीत या पट्टीला टेल-टेल म्हणतात, आणि डॅशबोर्डावरच्या दिव्यालाही तोच शब्द आहे. म्हणजे चहाडखोर.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री नानांनी माझी कडी वाजवली. मी सवयीने चप्पल घालून, कुणाला न्यायचंय विचारत बाहेर आलो. नाना हातात टॉर्च घेऊन भिंतीपाशी वाकले होते. काचेतून केसाएवढी रेघ गेली होती. त्यांनी तिच्यावरून नख फिरवलं. पट्टीच्या वर पाहिलं, खाली पाहिलं, कुठे वायर दिसते का म्हणून मागेही टॉर्च मारला.

“यात सेन्सर नाही ना रे?”