अगं बाई, लॉन उपटलं!

ऐकलंत का? मळवली स्टेशनकडून भाज्याच्या वाटेला जे बंगले लागतात, तिथं हल्ली दारात लॉन असणं लाजिरवाणं झालंय. परवापरवापर्यंत ज्या काकू आपल्या मेक्सिकन लॉनवर कुणाला चपला घालून फिरकू देत नव्हत्या, त्यांनी ते मुळासकट उपटून फाटकाबाहेर टाकलं. कारण काय, तर ते 'आपल्यातलं' नाही! आता अंगणात फक्त सह्याद्रीची झाडं, तीही जमिनीलगत पसरणारी. सोयरीक जुळवताना होत नसेल एवढी कुळाची चौकशी चाललीय.

आणि त्या चौकशीत काय काय बाहेर आलं म्हणून सांगू! लाजाळू, जिच्या संकोचाचं एवढं कौतुक, ती दक्षिण अमेरिकेची निघाली. सदाफुली मादागास्करची. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू थेट मेक्सिकोचा; त्याला मात्र माफी, देवाधर्माचं काम! पिवळ्या फुलांची वेडेलिया तर तडकाफडकी हद्दपार. ही एक हकालपट्टी मला मनापासून पटली. बया कांडं टेकेल तिथं मूळ धरते, आणि एकदा ओढ्याकाठी पोचली की दुसऱ्या कुणाला डोकं वर काढू देत नाही.

तिच्या जागी कोण आलं? हरळी! भातखाचराच्या बांधावरून जन्मभर हरळी खणून फेकणारे गडी आता तीच हरळी रोजावर लावतायत. मजुरी तेव्हाही मिळायची, आताही मिळते. हसू मात्र आताच येतं.

दोन शेजारणींचं बोलणं बंद आहे ते ब्राह्मीवरून. एकीनं आणली गोल पानांची मंडूकपर्णी, दुसरीनं बारीक, मांसल पानांची जलब्राह्मी. विकताना दोन्ही ब्राह्मीच. पहिलीनं आंब्याखालच्या ओल्या सावलीत छान गालिचा धरला. दुसरीचे पाय सदा पाण्यात हवेत आणि डोक्यावर ऊन. बिचारीला मुरमाड चढावर बसवली, मग रुसणारच. पन्हाळीचं पाणी साचतं तिथं लावली असती तर भांडणच नव्हतं. पण सांगणार कोण, दोघी ऐकणाऱ्यातल्या नाहीत.

सगळ्यात कडवे गृहस्थ पुढच्या गल्लीत. ते उठताबसता फादर सांतापाऊंचं नाव घेतात. मुंबईच्या सेंट झेवियर्समधले हे वनस्पतिशास्त्रज्ञ. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यात नाव असेल तरच फाटकातून प्रवेश. म्हणजे अस्सल देशीपणाचा दाखला द्यायला स्पेनहून आलेला पाद्रीच लागला!

याहून वाईट कानावर आलंय ते हळूच सांगते. लोहगड-विसापूरच्या अंगाखांद्यावरून नभाळी, सोनकी उपटून गाडीच्या डिकीतून खाली येतायत म्हणे. कातळावरच्या बोटभर मातीत संसार करणारी ती झाडं, त्यांना शेणखताची गादी कशी मानवणार? नर्सरीत मिळत नसेल तर डोंगरावर जाऊन बघून यावं. चोरीचं देशप्रेम कसलं ते!

खरी गंमत मात्र दिवाळीनंतर. आपल्याकडे पाऊस कोसळतो तो जून ते सप्टेंबर. वर लोणावळ्यात तर चार हजार मिलिमीटरच्या पुढे. मग जवळजवळ आठ महिने कोरडे. डोंगरातल्या या बुटक्या मंडळींनी त्यावर कधीच तोडगा काढलाय. पावसात उगवायचं, फुलायचं, आणि बी टाकून किंवा कंदात शिरून पसार व्हायचं. काळी मुसळी पहिल्या पावसाला वर येते, मातीला टेकून पिवळी चांदणी दाखवते, आणि पुढे हिवाळ्या-उन्हाळ्यात तिची पानंसुद्धा दिसत नाहीत. तेरडा गौरी गेल्या की आवरायला लागतो. म्हणजे बंगला जितका कमी बाटलेला, तितका तो मार्चमध्ये करडा! हे बाग आखून देणाऱ्यानं सांगितलंच नव्हतं. त्याचं आश्वासन 'बारा महिने हिरवं'. मंडूकपर्णी राहते तशी हिरवी, हरळीही राहते, पण पाणी घातलं तर. मग उन्हाळ्यात पुन्हा टँकर, लॉनला लागायचा तोच!

त्या कडव्या गृहस्थांनी टँकरला साफ नकार दिला. एप्रिलमध्ये शनिवार-रविवारचे पाहुणे उतरले, म्हणाले, बाग मेलीय, भाडं कमी करा. पुढच्याच आठवड्यात मागच्या अंगणात हिरवंगार काही अंथरलेलं दिसलं. माळ्याला खोदून विचारलं तर प्लॅस्टिकचं निघालं. साहेबांना विचारलं, अहो, हे कुठलं? तर मान ताठ ठेवून म्हणतात कसे, "भिवंडीचं आहे. देशीच आहे."