माले कोनी इचारं?

सुरतेतल्या लिंबायतच्या कुठल्याही गल्लीत शिरा, एक तरी आबा सापडतोच. साठी कधीच ओलांडलेला, पांढरा लेंगा, बगलेत घडी घातलेलं ‘गुजरातमित्र’, आणि कुणीतरी आपला जाहीर अपमान केला आहे असा कायमचा चेहरा. हा अपमान सुनेनं केलेला नसतो, शेठनंही नाही. तो मतचाचणीवाल्यांनी केलेला असतो.

आमच्या गल्लीतले आबा अमळनेरकडून तरुणपणी भुसावळ पॅसेंजरनं उधन्याला उतरले. आधी लूमवर, मग रिंगरोडच्या कापड मार्केटात फोल्डिंगला. गुजराती वाचायला शिकले ते निवडणुकीच्या बातम्यांसाठी. आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही. आणि टीव्हीवर दर थोड्या महिन्यांनी देशाचा मूड सांगतात, त्यात आबांचा मूड धरलेला नसतो. टपरीवर चाचणीचे आकडे झळकले की सगळे पडद्याकडे बघतात, आबा बघणाऱ्यांकडे. मग अर्धा चहा खाली ठेवून एकच सवाल टाकतात: “माले कोनी इचारं?”

मी एकदा त्यांना समजावलं की काही हजार माणसांना नीट निवडून विचारलं तर सगळ्या देशाचा अंदाज येऊ शकतो. आबा हसले. “मार्केटात जन्म गेला माझा. शेठ गिऱ्हाइकाला नमुना दाखवतो, तो ताक्याच्या कुठल्या टोकाचा असतो ते मला नको सांगू.” संख्याशास्त्राच्या पुस्तकात या शंकेसाठी आख्खं प्रकरण असतं. आबांनी ते एका वाक्यात उरकलं.

आता खरं सांगायचं तर आमच्याकडे चाचणी घ्यायला उरतं काय? लिंबायत विधानसभेला सुरतेत, पण लोकसभेला नवसारीत. तिथून जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील 2024 साली 7,73,551 मतांनी निवडून आले. अशा ठिकाणी कोण जिंकेल हे शाळेतलं पोरही सांगतं. पैज लागते ती किती लाखांनी, यावर. म्हणून आबांची खरी तहान भागते ती दुसऱ्यांच्या निवडणुकांवर. महाराष्ट्राचा निकाल असला की टपरीवर गुजराती चॅनल, घरात मराठी चॅनल, आणि दोन्हींचे अंदाज वेगळे निघाले की आबांना भाऊबंदकीतला दावा जिंकल्यासारखा आनंद.

त्यांचं स्वतःचं मत कुणाला, हे मात्र गल्लीत कुणालाच ठाऊक नाही. शेठनं “शुं लागे छे, काका?” म्हटलं की उत्तर येतं, “कमळ ज छे, शेठ.” झाडूवाल्या पोरांना ते म्हणतात, “यंदा तुमचा जोर दिसतोय.” समोरच्या जुन्या काँग्रेसवाल्या अण्णांजवळ बसले की इंदिराबाईंच्या आठवणीनं त्यांचे डोळे पाणावतात. आबा खोटारडे नाहीत. समोरच्याचं मन मोडणं त्यांना जमत नाही, इतकंच.

2021च्या फेब्रुवारीत सुरत महापालिकेत आम आदमी पक्षाचे 27 नगरसेवक आले, काँग्रेसचा एकही नाही. आबा म्हणाले, “मी आधीच म्हटलं होतं.” म्हटलं नव्हतं. पण झाडूवाल्या पोरांनी साक्ष दिली की म्हटलं होतं, आणि त्यांचंही खरंच होतं. पुढच्या वर्षी विधानसभेच्या तोंडावर केजरीवालांनी सुरतेत पत्रकारांसमोर कागदावर लिहूनच दिलं की गुजरातेत आमचं सरकार येणार. आबा गंभीर झाले. ज्या गावात चिठ्ठीवर लाखोंचा माल उधार सुटतो, तिथं लिहून दिलेल्याला वजन असतं. निकालात आपच्या जागा आल्या अख्ख्या राज्यात पाच, सुरतेत भोपळा. आबांनी पेपराची घडी घातली. “चिठ्ठी वटली नाही.”

2024 साली तर कमालच झाली. सुरत लोकसभेत काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि 22 एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. आबांचे साडू राहतात कतारगामला, म्हणजे त्या मतदारसंघात. 7 मेला आबा बोटाला शाई लावून त्यांच्याकडे मुद्दाम जेवायला गेले. शेवभाजी वाढून होईपर्यंत साडू गप्प होते. मग म्हणाले, “तुम्हाला निदान पोलवालेच विचारत नाहीत. मला तर यंदा मशीननंही इचारं नाही.” त्या दिवशी आबा दोनच भाकरींवर उठले. अन्यायात कुणी आपल्या पुढे जावं, याची त्यांना सवय नाही.

शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवता येत नाही, असा कायदा आहे. त्यामुळे 7 मे ते 1 जून असे 25 दिवस आबांना नुसत्या तर्कावर काढावे लागले. 1 जूनच्या संध्याकाळी भाजप आघाडीचे आकडे आले: साडेतीनशे, पावणेचारशे, चारशे. 4 जूनला निघाले 293. ॲक्सिस माय इंडियाचे प्रदीप गुप्ता कॅमेऱ्यासमोर रडले, आणि इतक्या वर्षांचं वैर आबांनी त्या क्षणी सोडलं. “चांगल्या घरचा दिसतो रे,” म्हणाले. “एकदा लिंबायतला आला असता तर ही वेळ आली नसती.” धुळ्यात काँग्रेसच्या शोभा बच्छाव 3,831 मतांनी निवडून आल्याचं कळल्यावर त्यांनी हिशेब मांडला, की एवढी माणसं तर उधन्याहून एका गाडीला लटकून जातात. ती कुणाच्या नमुन्यात येणार?

अमेरिकेचंही एकदा निघालं. 2008 साली न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत अखेरच्या चाचण्या ओबामांना पुढे दाखवत होत्या आणि जिंकल्या हिलरी क्लिंटन, हे मी त्यांना सांगितलं. वाटलं, टाळी मिळेल. आबांचं लक्ष भलतीकडेच. “थांब. पक्षाचं तिकीट कोणाला द्यायचं, हे तिथं लोकांना इचारतात?” मी हो म्हणालो. आबा बराच वेळ बोलले नाहीत. आमच्याकडे तिकिटाची यादी दिल्लीहून येते, ती वाचायलाही मध्यरात्रीपर्यंत जागावं लागतं.

आणि मग एका दुपारी तो आलाच. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, घामानं भिजलेला विशीतला पोरगा. आबांनी त्याला आत बसवलं, चहा पाजला, एका फॉर्मचे किती मिळतात ते विचारलं, कमीच आहेत असं ठरवलं. काकूंना त्यानं विचारलं तर त्या म्हणाल्या, “मला काय कळतं त्यातलं, ह्यांना विचारा,” आणि ‘सांगता येत नाही’च्या रकान्यात जाऊन बसल्या. त्या घरातलं एकमेव पक्कं मत त्याच रकान्यात आहे, असा माझा संशय आहे.

मग मुख्य प्रश्न. आज निवडणूक झाली तर कुणाला मत द्याल?

इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलं होतं. आबांनी दाराकडे पाहिलं. दारात वॉर्डातला कार्यकर्ता उभा. खिडकीत झाडूवाली दोन पोरं. समोरच्या ओट्यावर अण्णा, कान इकडेच. आबांनी आवंढा गिळला.

“बाकीच्यांनी काय सांगितलं?”

“ते सांगता येत नाही, काका.”

“मग त्यांनी सांगितलं तेच माझंही टाक.”

पुढच्या महिन्यात टीव्हीवर ते आकडे झळकले. टपरीवर आबांचा केवढा थाट! यात आमचे आबा आहेत म्हणून पोरांनी चहा सांगितला. मी म्हटलं, “आबा, आता तरी विश्वास बसला ना?”

“कसला विश्वास? आधी नुसता संशय होता,” आबा बशीत चहा ओतत म्हणाले. “आता मी काय सांगितलं ते मला माहीत आहे ना.”